घरगुती सुतारकाम : काही फर्मे, काही ठोकळे

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने या मेळाव्यात मी चार शब्द बोलावे अशी आज्ञा केली आणि विषयाची निवड मजवरच सोपविली. अशा प्रसंगी ज्ञातीच्या प्राचीन गौरवाविषयी बोलण्याचा प्रघात आहे. विश्वकर्म्यापासून आरंभ केला म्हणजे रथ, मंदिरे, राजवाडे असे करीत आजच्या काळापर्यंत येता येते आणि श्रोतेही संतुष्ट होतात. परंतु त्या विषयाचे अधिकारी वक्ते आपण दरवर्षी ऐकता. मी आज अगदी लहान वस्तूंविषयी बोलणार आहे. घरी, गॅलरीत किंवा गच्चीवरच्या खोलीत सुतारकाम करणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने करून ठेवावयाची ही साधने होत. कारखान्यात त्यांस ‘जिग’ म्हणतात. आपल्या घरांत त्यांस फर्मा, साचा, ठोकळा अशी नावे होती, आणि पुष्कळांस तर नावच नव्हते.

आपल्या ज्ञातीची आजची स्थिती आपणांस ठाऊक आहे. ज्यांचे आजोबा गावचे बलुतेदार म्हणून नांगर, तिफण आणि गाडीची चाके करीत, त्यांची नातवंडे आज बँकांत, शाळांत, संगणकाच्या कचेऱ्यांत आहेत. यात खेद करण्यासारखे काही नाही. बलुत्याच्या पेंढीवर संसार करणे किती कठीण होते हे ज्यांनी पाहिले, ते त्या दिवसांसाठी अश्रू ढाळणार नाहीत. तथापि अलीकडे एक गोष्ट मला दिसते. निवृत्तीनंतर, किंवा तरुणपणी रविवारच्या रिकाम्या वेळी, आपल्यापैकी पुष्कळांचे हात पुन्हा करवतीकडे वळू लागले आहेत. माळ्यावरची पेटी खाली उतरते, खंडेनवमीस झेंडू वाहून पुन्हा गुंडाळून ठेवलेली पटाशी धारेस लागते. मग पहिलेच स्टूल डुगडुगते, आणि गृहस्थ म्हणतो, ‘वडिलांच्या हातात होते ते माझ्या हातात नाही.’

या उद्गारात अर्धेच सत्य आहे, असे माझे नम्र मत आहे. वडिलांचे सगळेच कसब हातात नव्हते. त्यातील बरेचसे त्यांच्या पेटीत आणि आढ्याला टांगलेल्या गाठोड्यात होते. हे मी कोणत्या अधिकाराने म्हणतो, ते सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे.

आमचे वडील, ज्यांस आम्ही आबा म्हणत असू, ते गावचे सुतार. मी शिकून शहरात कारकुनीस लागलो. १९७८ साली आबा वारले. त्यांच्या मागे ओसरीच्या आढ्याला सुतळीने बांधलेले एक गाठोडे होते. त्यात लाकडाचे चाळीसएक चपटे तुकडे असतील. काही वाकडे, काही खाचा पाडलेले, काहींस भोके. त्यांवर ना अक्षर, ना आकडा. तेराव्याच्या दिवशी पाहुण्यांच्या आंघोळीसाठी बंब पेटवावयाचा होता आणि सरपण ओले होते. मी ते गाठोडे सोडले आणि माझ्या हाताने एकेक तुकडा बंबात घातला. जुने शिसव आणि बाभूळ; जळले मात्र उत्तम.

पुढच्या वर्षी ज्येष्ठात गावी गेलो असता वरच्या आळीतील एक शेतकरी आले. म्हणाले, “बापू, आबांनी केलेल्या चाड्यातून तिन्ही फणांना बी सारखं पडायचं. तसलं एक करून द्या, नाहीतर आबांचा साचा तरी द्या, मी दुसऱ्याकडून करून घेतो.” येथील लहान मुलांसाठी सांगतो : चाडे म्हणजे तिफणीवरचा लाकडी वाटा. पेरणारा मुठीने त्यात बी सोडतो. वाट्याच्या तळाशी तीन भोके असतात आणि त्यांतून नळ्या निघून तीन फणांपर्यंत जातात. ती भोके योग्य तिरकसपणाने पडली नाहीत तर एका तासात बी दाट आणि दुसऱ्यात विरळ पडते, आणि ते पीक उगवल्यावर सर्व गावास दिसते. तो शेतकरी बोलत असताना मला बंबातला एक तुकडा आठवला. जाड शिसवी ठोकळा, त्यात एकमेकांपासून दूर जाणारी तीन तिरकी भोके. गिरमिट त्या भोकांतून घातले की ते चाड्यात नेमक्या तिरकसपणाने उतरत असणार. आबांनी तो किती वर्षे, किती चाडी बिघडवून सुधारून केला असेल, कोण जाणे. मी त्यावर एक बंब पाणी तापविले होते.

तेव्हापासून मी या विषयाचा विद्यार्थी आहे.

फर्मा म्हणजे काय, हे प्रथम पाहू. हल्ली ‘जुगाड’ हा हिंदी शब्द फार ऐकू येतो आणि घरगुती साधन म्हटले की लोक तोच लावतात. माझा त्यास विरोध आहे. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणे. आज भागले, उद्याचे उद्या. फर्मा याच्या अगदी उलट. एकदा नीट विचार करून घेतलेला निर्णय लाकडात असा पक्का करावयाचा की पुढे शंभर वेळा तो पुन्हा घ्यावा लागू नये. कोठे कापावे, किती खोल विंधावे, कोणत्या कोनात धरावे, हे फर्म्याने सांगावे आणि माणसाने आपले लक्ष धारेकडे व बोटांकडे ठेवावे.

ज्येष्ठ मंडळींपैकी काहींचा यावर एक आक्षेप असतो. ज्याच्या हातात कसब आहे त्यास फर्मा कशाला, आणि जो फर्मा वापरतो तो कारागीर कसला? हा आक्षेप पोकळ नाही. इंग्लंडात पोर्टस्मथच्या आरमारी गोदीत एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मार्क ब्रुनेल याने योजलेली आणि हेन्री मॉडस्ली याने घडविलेली यंत्रे बसली. गलबतांच्या दोरांसाठी लागणाऱ्या लाकडी कप्प्या त्यांवर होऊ लागल्या, आणि जे काम पूर्वी ११० कसबी कारागीर करीत ते १० साधे मजूर करू लागले. १८०८ च्या सुमारास तेथे वर्षाला १,३०,००० कप्प्या होत होत्या. लाकूड धरणारा साचा यंत्राचा, मोजमाप यंत्राचे, माणसाने फक्त लाकूड घालावे आणि काढावे. ज्या कारागिरांची रोजी गेली त्यांच्या वंशजांनी साच्यास शिव्या घातल्या तर त्यांस दोष देता येणार नाही. परंतु तेथे साचा मालकाचा होता. आपल्या घरी तो करणाराच तो वापरतो आणि त्यातले ज्ञान त्याचेच राहते. शिवाय, आबांइतका चोख हात मी दुसरा पाहिला नाही, आणि चाळीस फर्मे त्यांच्याच आढ्याला होते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. कोणतेही साधन करण्यापूर्वी आपला गुण्या खरा आहे की नाही ते पाहावे. खोट्या गुण्यावरून केलेला फर्मा जन्मभर खोटे बोलतो. सरळ कडेच्या फळीस गुण्या टेकवून पेन्सिलीने बारीक रेघ ओढावी. मग गुण्या उलटा करून, त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढावी. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा. वर जाता जाता फाकल्या तर जेवढे अंतर दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. दुकानातून नवा आणलेला गुण्याही या परीक्षेवाचून वापरू नये; माझ्या तीनांपैकी एक नापास झाला. सरळपट्टीचीही हीच कसोटी आहे.

मापाच्या टेपविषयी एक गोष्ट जाता जाता सांगतो. टेपच्या टोकाचा पत्र्याचा आकडा किंचित मागेपुढे हलतो. माझ्या पुतण्यास तो सैल पडल्यासारखा वाटला आणि त्याने हातोडीने रिबिट ठोकून तो घट्ट केला. वस्तुतः तो मुद्दाम सैल ठेवलेला असतो. बाहेरून अडकवून मोजताना आकडा त्याच्या जाडीइतका बाहेर येतो आणि आतून टेकवून मोजताना तितकाच आत जातो, म्हणून दोन्ही मापे खरी येतात. पुतण्याच्या त्या टेपने केलेले कपाट आजही त्याच्या घरी आहे. त्याचे दार लागत नाही.

माझा स्वतःचा कल असा की शक्य तेथे मोजूच नये. स्वयंपाकघरातील मांडणी करावयाची तर इंचभर रुंदीची एक सरळ काठी घ्यावी, ती भिंतीशी उभी धरावी, आणि तळाचा कप्पा कोठे, डब्यांचा कोठे, बरण्यांचा कोठे, हे त्या त्या वस्तू प्रत्यक्ष ठेवून काठीवर खुणा करून घ्यावे. काठीच्या दुसऱ्या अंगावर खोलीच्या खुणा कराव्या. मग दोन्ही उभ्या फळ्या त्या एकाच काठीवरून आखाव्या. आकडा मध्ये न आल्यामुळे आकड्याची चूकही येत नाही. दोन भिंतींमधील अंतर हवे असेल तर दोन काठ्या एकमेकींवर धरून, त्या दोन्ही भिंतींस टेकेपर्यंत सरकवाव्या आणि दोहोंवर मिळून एक खूण करावी. हे वर, मध्ये आणि खाली असे तीनदा करावे. मुंबईच्या सदनिकांतील भिंती ओळंब्यात असतातच असे समजण्याचे धाडस मी करणार नाही. चौकट जुळवितानाही याच दोन काठ्या कामास येतात. एका कर्णावर काठ्या लावून खूण करावी, मग दुसऱ्या कर्णावर पाहावे. दोन्ही कर्ण समान, तर आयताकार चौकट काटकोनात. सरस ओला आहे तोवरच हे पाहावे. नंतर पाहणे हे केवळ दुःख वाढविणे होय.

इंग्रजी पुस्तकांत प्रत्येक कामासाठी कमरेएवढ्या उंचीचे जड बाक गृहीत धरलेले असते. आपले कारागीर जमिनीवर बसून काम करीत. पायाची बोटे आणि टाच हाच त्यांचा शिकंजा. गुडघे शाबूत असतील तर ती पद्धत मुळीच हीन नाही. पण माझ्या वयाच्या माणसाने किंवा शहरी तरुणाने एक छोटी फळी करून घ्यावी. साधारण १० इंच लांब, ८ इंच रुंद. तिच्या एका टोकाला वरच्या अंगाने एक पट्टी आणि दुसऱ्या टोकाला खालच्या अंगाने एक पट्टी बसवावी. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडते, वरच्या पट्टीस लाकूड टेकते; डाव्या हाताने दाबून धरले की उजव्या हाताने करवत चालविता येते. शिकंजा नको, क्लॅम्प नको. घरातल्या जाड पाटावर ही फळी उत्तम बसते. स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेलाही ती अडकविता येते, परंतु तेथे गृहिणीची अनुज्ञा आवश्यक आहे. मला ती एकदाच मिळाली.

याच कुळातील दुसरे साधन म्हणजे टोके रंधण्याची फळी. ज्यास मी एकच फर्मा करा म्हणेन, तो हा. एक रुंद फळी घ्यावी, तिच्यावर तिच्याहून तीन इंच अरुंद अशी दुसरी फळी चिकटवावी, म्हणजे एका कडेला पायरी तयार होते. वरच्या फळीवर, त्या पायरीच्या कडेशी नेमक्या काटकोनात एक अडणारी पट्टी स्क्रूने बसवावी. सरसाने मात्र नव्हे, कारण ती पुढे हलवावी लागणार आहे. आता लाकूड पट्टीस टेकवावे, टोक पायरीवर केसभर पुढे काढावे, आणि रंधा आडवा, कुशीवर पाडून पायरीतून सरकवावा. करवतीने कापलेले ओबडधोबड टोक काही हातांत आरशासारखे आणि काटकोनात होते. पात्यास धार मात्र हवी. आडव्या टोकावर बोथट पाते लाकूड कापीत नाही, ते चुरडते. पंचेचाळीस अंशांची दुसरी पट्टी केली की तसबिरीच्या चौकटीचे कोपरे बंद बसू लागतात. आमच्या घरी देवघरातील सर्व तसबिरींच्या चौकटी एका पावसाळ्यात बदलल्या गेल्या, त्या या फळीच्या आनंदात.

पावसाळा म्हटला म्हणून सांगतो. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत फुगते आणि आकसते. वैशाखात चपखल बसविलेला खण श्रावणात बाहेर येईना, हा अनुभव सर्वांस आहे. फर्माही लाकडाचाच असतो हे आपण विसरतो. वैशाखात काटकोनात असलेली पट्टी भाद्रपदात तशी राहीलच असे नाही. म्हणून फर्म्याचे मुख्य अंग चांगल्या प्लायवुडचे करावे. त्यात थर एकमेकांस आडवे असल्यामुळे हालचाल फार कमी होते. ज्या भागास घासावयाचे किंवा अडावयाचे आहे तेवढाच सागाचा अथवा शिसवीचा ठेवावा. आणि वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात व ऐन पावसात, मघाच्या दोन रेघांची परीक्षा घ्यावी.

चिकटकामासाठी लोक पाचसहा लोखंडी क्लॅम्प विकत आणतात. आणावेत, पण आपल्या वाडवडिलांकडे ते नव्हते आणि फळ्या तरीही जुळत. एका पाटीवर दोन पट्ट्या, फळ्यांच्या एकूण रुंदीपेक्षा इंचभर अधिक अंतराने, पक्क्या ठोकाव्या. मध्ये फळ्या ठेवून उरलेल्या फटीत पाचरींची जोडी एकमेकींच्या उलट दिशेने घालावी. एकच पाचर मारली तर दाब तिरका पडतो. दोन उलट्या पाचरी मारल्या तर त्यांच्या बाहेरच्या कडा समांतर राहतात आणि दाब सरळ येतो. दोन्ही टोकांवर आळीपाळीने हलके ठोके द्यावे. फळ्या वर उचलल्या जाऊ नयेत म्हणून त्यांवर वजन ठेवावे, आणि खाली प्लॅस्टिकचा कागद घालावा. वर्तमानपत्र घालू नये. माझ्या एका पाटाच्या तळाशी एका जुन्या रविवार-पुरवणीचा अग्रलेख कायमचा उमटला आहे. खुर्चीचे पाय आवळावयाचे असतील तर भोवती काथ्याच्या दोरीचे दोन वेढे द्यावे आणि दोन दोऱ्यांमध्ये काडी घालून पीळ भरावा. हवा तेवढा दाब आला की काडी आडव्या पट्टीस अडकवून ठेवावी. कोपऱ्यांवर पुठ्ठा ठेवावा, म्हणजे दोरी लाकडात रुतत नाही.

भोकांविषयी थोडक्यात. ठरावीक खोलीचे भोक हवे असेल तर ड्रिलच्या पात्यावर रंगीत चिकटपट्टी गुंडाळण्याची पद्धत आहे, ती सरकते. त्याऐवजी लाकडाचा एक ठोकळा आरपार विंधून तोच पात्यावर चढवावा, आणि हवे तेवढेच पाते बाहेर राहील अशा लांबीचा तो कापावा. कपाटातील हलत्या फळ्यांसाठी दोन्ही बाजूंस भोकांच्या ओळी लागतात. त्यासाठी कठीण लाकडाच्या पट्टीत ३२ मिलिमीटर अंतराने भोके पाडून घ्यावी आणि त्या पट्टीतून दोन्ही बाजू विंधाव्या. पट्टीच्या एका टोकास तांबडा रंग देऊन ‘हे टोक खाली’ असे लिहावे. मी प्रथम लिहिले नव्हते. डाव्या बाजूस पट्टी एका तोंडाने लावली आणि उजव्या बाजूस उलट. फरक दीड सुताचाच पडला, पण त्या कपाटात ठेवलेले गोल डबे आजतागायत एका बाजूस घरंगळत येतात.

आता विजेच्या हत्यारांकडे येतो. तरुण मंडळी त्याचीच वाट पाहत असावी. आठ फूट लांब व चार फूट रुंद प्लायवुडचा ताव हाताच्या गोल करवतीने सरळ कापणे ही गोष्ट डोळ्यांच्या अंदाजाने होत नाही. त्यासाठीचा फर्मा अर्ध्या तासात होतो. ६ मिलिमीटर जाडीची, फूटभर रुंद प्लायवुडची पट्टी घ्यावी. तिच्यावर एका कडेला १२ मिलिमीटरची अरुंद पट्टी अशी चिकटवावी की तिची कारखान्यात कापलेली सरळ कड आतल्या बाजूस येईल. सरस वाळल्यावर करवतीचा तळ त्या सरळ कडेस टेकवून एकदा आरपार चालवावी. खालच्या पट्टीचा जास्तीचा भाग कापून पडतो आणि जी नवी कड उरते ती म्हणजे त्या करवतीच्या कापाची नेमकी जागा. पुढे कापावयाच्या रेघेवर ही कड ठेवावी, दोन क्लॅम्प लावावे आणि करवत चालवावी. मोजणे नाही, वजाबाकी नाही. या करवतीचे दात खालून वर येतात, म्हणून तावाची चांगली बाजू खाली ठेवावी. मात्र हा फर्मा त्याच करवतीचा आणि तेवढ्याच जाडीच्या पात्याचा. शेजाऱ्याची करवत त्यावर चालविली तर रेघ चुकेल.

आणि येथे मला ज्ञातिबंधूंस हात जोडून एक विनंती करावयाची आहे. फरशी कापण्याचे जे छोटे यंत्र बाजारात मिळते, ते फळीखाली उलटे बसवून त्याची टेबल-करवत करण्याची चाल सर्वत्र पडली आहे. व्यवसायातील मंडळीही तसे करतात. त्यांचे पाहून घरी करणारेही करतात. त्यास मी फर्मा म्हणत नाही. त्याचे पाते मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे घेते. उलटे बसविताना त्याचे झाकण काढून टाकतात, आणि पात्यामागे कापाची फट उघडी ठेवणारी पट्टी मुळात नसतेच. लाकूड किंचित वाकडे झाले की फट मिटते, मागून वर येणारे दात त्यास पकडतात आणि ते कापणाऱ्याच्या अंगावर फेकतात. हात मात्र पुढे पात्यावर जातो. माझ्या परिचयातील एका तरुणाची दोन बोटे अशी गेली. तो उत्तम तबला वाजवीत असे. टेबल-करवतच हवी असेल तर पैसे साठवून झाकण व मागची पट्टी असलेली घ्यावी, आणि लाकूड ढकलण्यासाठी टोकास खाच पाडलेली काठी त्याच दिवशी करावी. यंत्र सुरू करण्याची कळ जेथे, त्याशेजारीच ती टांगावी. फिरत्या यंत्रावर हातमोजे घालू नयेत. दात कापड पकडतो आणि मागोमाग हात ओढतो.

भुशाविषयीही बोलले पाहिजे. आपल्या लहानपणी भुसा अंगावर घेऊन घरी येणे हे कष्टाचे भूषण मानले जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात लाकडाचा भुसा मनुष्यास कर्करोगकारक ठरलेल्या पदार्थांत घातला आहे; नाकाच्या पोकळीच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. रंध्याच्या ढलप्यांचे भय नाही. भय आहे ते यंत्राने उडणाऱ्या आणि घासकागदाच्या बारीक धुळीचे. चांगला मुखपट्टा बांधावा आणि गॅलरीत काम करणाऱ्याने लहान मुलांस त्या वेळी दूर ठेवावे.

शेवटी, ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः उभा राहिलो ती सांगतो. फर्म्यावर लिहा. ही बुद्धी मला कोणत्याही पुस्तकाने दिली नाही. आमच्या घरी शिवणयंत्राच्या खणात ब्लाउजांचे कागदी नमुने असतात. प्रत्येकावर जिचा ब्लाउज तिचे नाव, माप, साल, आणि ‘शिवणीस अर्धा इंच जास्त’ असा शेरा. वीस वर्षांपूर्वीचा नमुना काढून सौभाग्यवती आजही त्यावरून कापड बेतू शकतात. त्या खणासमोर उभा असताना मला आबांचे गाठोडे आठवले. आपल्या भगिनींनी सहज म्हणून जे केले, ते आपल्या पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या केले नाही. काही अक्षरशत्रू होते म्हणून, काहींनी हुन्नर घराबाहेर जाईल या भीतीने. ती भीती त्या काळी निराधार नव्हती. शेजारच्या गावचा सुतार साचा पाहून गेला तर गिऱ्हाईक जाई. आज ते गिऱ्हाईकही उरलेले नाही, आणि लपविलेले ज्ञान लपूनच राहिले.

पेन्सिल पुसली जाते, म्हणून लिहिल्यावर वरून चपड्याच्या पॉलिशचा एक हात द्यावा, किंवा तापलेल्या खिळ्याने अक्षरे डागावी. कोणत्या कामाचा, कोणती कड टेकवावयाची, कोणत्या हत्याराचा, आणि कोणी केव्हा केला, एवढे पुरे. टांगण्यासाठी भोक पाडावे. शक्य तर वापरतानाचे एक छायाचित्र मुलांच्या फोनमध्ये घालून ठेवावे. आणि ज्यांच्या घरी अजून जुने गाठोडे आहे व ते सोडवून सांगणारे कोणी ज्येष्ठ हयात आहेत, त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्यापुढे बसावे आणि एकेक तुकडा हातात देऊन विचारावे.

मी वर्णिलेली सर्व साधने सभागृहाबाहेरील टेबलावर मांडली आहेत. ज्यांस त्यांचे आकार उतरून घ्यावयाचे असतील त्यांच्यासाठी जाड कागद व पेन्सिली ठेवल्या आहेत. त्यांच्या शेवटी एक बाभळीचा तुकडा आपणांस दिसेल. हातभर लांब, एक कड किंचित वक्र, तीवर सात खाचा, पहिल्या तीन जवळजवळ आणि पुढच्या दूर, आणि एका टोकास करंगळी जाईल एवढे भोक. आबांच्या गाठोड्यातील हा एकच तुकडा वाचला, कारण तो सुतळीतून निसटून ओसरीच्या फटीत पडला होता. तो कशासाठी होता हे मी गेली कित्येक वर्षे अनेकांस विचारले. कोणी म्हणाले चाकाच्या आऱ्यांसाठी, कोणी म्हणाले पाळण्याच्या कठड्यासाठी. दोन्ही मी करून पाहिले, जुळले नाही. सभा संपल्यावर ज्येष्ठ मंडळींनी तो एकदा हातात घेऊन पाहावा, आणि कोणास ओळखता आला तर मला सांगावे. मी टेबलापाशीच उभा आहे.